पक्ष्याला नाव, माणसाला 'कारागीर'

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो छापून येतात. माझा एक खंड्या आणि भिगवणचे रोहित पक्षी त्यात येऊन गेले, त्याबद्दल आभार. आज एक तक्रार आहे, आणि तिच्यात मीही आरोपी आहे.

नारायण पेठेत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवार पक्ष्यांचा. थंडीत कवडी पाट, उन्हाळ्यात सिंहगड व्हॅली, वर्षातून एक-दोनदा उजनीच्या पाण्यावर भिगवण. बारा वर्षं दुसरं काही काढलं नाही. भाचीच्या लग्नात फोटो काढ म्हणून बहिणीनं गळ घातली, तेव्हा 'माझी लेन्स त्या कामाची नाही' म्हणून सुटलो. तसं ते खोटंही नव्हतं. दूरचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची ती लेन्स वजनाला दोन किलोच्या घरात, आणि समोरची वस्तू २.८ मीटरच्या आत आली की तिला फोकसच होत नाही. म्हणजे कॅमेरा हातात असताना बारा वर्षं मी कुणाच्या नऊ फुटांच्या आत गेलोच नाही.

गेल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली. ती दुरुस्तीला गेली आणि हाताशी उरली जुनी ५० मिमीची. ती घेऊन कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. कारण थोडं हसण्यासारखं आहे. तांबट पक्ष्याचे माझ्याकडे दोनेकशे फोटो असतील. अंगानं हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल, उंबरावर बसून दुपारभर टुक् टुक् करत राहणारा. त्या आवाजावरून त्याला ज्यांचं नाव मिळालं, ती तांब्याची भांडी घडवणारी माणसं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात आणि त्यांचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

अरुंद खोली, एक बल्ब, दारातून येईल तेवढा उजेड. साठीचे एक गृहस्थ घंगाळावर मठारकाम करत होते. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर खळ्यांची नक्षी उठवायची, त्याला मठारकाम म्हणतात. मी सवयीनं शटर सेकंदाच्या १/२००० वर ठेवला. पंख गोठवायला तेवढा लागतोच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वर चढला, फोटोभर दाणे आले, तांब्याची चकाकी पांढरीफटक जळाली. आणि हातोडी? भिंतीला खिळ्यावर टांगल्यासारखी हवेत उभी. सगळं कसं रेखीव, आणि ठोका कुठेच नाही.

पुढच्या सोमवारी १/१५ पर्यंत खाली आलो. एवढ्या वेळात हात हलतोच, म्हणून त्यांच्याच एका उपड्या हंड्यावर कॅमेरा टेकवला. घंगाळाची खळी न् खळी स्थिर, मनगट किंचित पुसट आणि हातोडीच्या जागी नुसता एक फराटा. मला तो बारा वर्षांतला सर्वांत चांगला फोटो वाटला. घरी दाखवला तर बायको म्हणाली, "हा हललाय."

पक्षी कधी विचारत नाही. यांनी विचारलं, "कशाला काढताय?" मी म्हटलं, "छंद." "मग बसा," म्हणाले. ठोके खाऊन तांबं ताठतं, मग ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करावं लागतं, हे सगळं ऐकत अर्धा तास बसलो. शटर एकदाही दाबला नाही. भिगवणला नावेत माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. तिसऱ्या खेपेला प्रिंट नेऊन दिले. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घंगाळाच्या काठाजवळ बोट ठेवून म्हणाले, "हा बघा, इथे एक ठोका चुकलाय."

आता तक्रार. हा फोटो मी आमच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनाला दिला. आधी 'तुम्ही पक्षीच द्या ना' असं झालं, मग घेतला. भिंतीवर माझे दोन फोटो शेजारी शेजारी लागले. तांबट पक्ष्याखाली मराठी नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, महिना. तांबटाखाली एकच शब्द: 'श्रमसाधना'. तो मी दिलेला नव्हता. पण नाव तरी मी कुठे दिलं होतं? दोन सोमवार त्यांच्याकडे बसलो, खळ्यांचा आकार विचारला, भट्टीचं विचारलं, नाव विचारायला तिसरी खेप उजाडली. आणि ते प्रदर्शनाच्या अर्जात लिहायचं सुचलंच नाही.

आपली पुरवणीही याला अपवाद नाही. 'कारागीर', 'वारकरी आजी', 'निरागस हास्य'. माझ्या खंड्याखाली त्याच्याच कुळातल्या दुसऱ्याच धीवर पक्ष्याचं नाव छापलं गेलं होतं, तेव्हा पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे वाचकांच्या दुरुस्त्या आल्या. 'वारकरी आजी'ला नाव का नाही, असं विचारणारं पत्र मी तरी पाहिलेलं नाही. मीही लिहिलं नव्हतं.

लेन्स दुरुस्त होऊन आली आहे, थंडीत कवडीला जाईनच. त्याआधी एका सोमवारी आळीत जाऊन त्यांचं नाव पेपरात छापलेलं चालेल का ते विचारतो. हो म्हणाले, तरच फोटो आपल्याकडे पाठवीन. खाली दोन नावं असतील. जागा कमी पडली तर माझं गाळा.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे ३०