तारा तुटला, तर आधी घड्याळ बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबरच्या पहाटे मी कांद्याला पाणी भरत होतो. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. वाफा भरला म्हणून दारे मोडायला वाकलो, तोच वाफ्यातले पाणी हिरवट-पांढरे उजळले. माझी सावली कुदळीच्या दांड्यासकट चिखलावर पडली आणि पडता पडताच सरकू लागली. वर पाहिले, तर डोक्यावरच्या मिथुन राशीकडून ईशान्येला, सप्तर्षींच्या अंगाने एक उल्का चालली होती. शुक्र तिच्यापुढे काहीच नाही. शेवटी तिचे दोन तुकडे झाले. सगळे दोन-तीन सेकंदांत आटोपले. मागची धुरकट रेघ मात्र मी दहा आकडे मोजेपर्यंत टिकली. घड्याळात ३ वाजून १२ मिनिटे झाली होती.

शेजारच्या मळ्यातून आण्णा ओरडले, "डोंगरामागं पडली रे!" तसे वाटतेच. पण उल्का पेटतात त्या साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर. एकच उल्का दोन-तीन जिल्ह्यांतून दिसते आणि प्रत्येकाला ती आपल्याच डोंगरामागे पडली असे वाटते. तिचा आवाज खाली यायला चार-पाच मिनिटे लागतात, म्हणून मी बांधावर कान देऊन बसलो. काही ऐकू आले नाही. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लोक उजेड बघायला खिडक्यांशी गेले, मागाहून हादरा आला आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. असा लखलखाट दिसला की मुलांना खिडकीपासून आधी दूर घ्यावे.

सकाळी फोनवर मात्र क्षेपणास्त्र, उडती तबकडी आणि २ एप्रिल २०२२ चा जुना व्हिडिओ 'कालचा' म्हणून फिरत होता. त्यात दिसतो तो चिनी रॉकेटचा भाग होता. त्याचे धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीला सापडले. असे तुकडे रांगेने, संथ जातात. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. खोटी माहिती पसरली की खरे पाहणाऱ्याचीही साक्ष वाया जाते, याचे मला फार वाईट वाटते.

माझी विनंती आहे की दर डिसेंबरला मिथुन उल्कावर्षावाच्या आठवड्यात आपण एक छोटी चौकट छापावी. नेमकी वेळ, कुठल्या ताऱ्याकडून कुठल्या दिशेला गेली, क्षितिजापासून किती उंच (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश), रंग, आणि आवाज आला असल्यास किती वेळाने, एवढे वाचकांकडून मागवावे. वेगवेगळ्या गावांच्या अशा नोंदी जुळवल्या की उल्केचा मार्ग काढता येतो आणि अशनी, म्हणजे जमिनीवर पोचलेला उल्केचा दगड, कुठे शोधायचा तेही कळते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला असे दगड खरोखर पडले होते.

रात्री पाणी भरणारे, राखणदार, दूधवाले, एसटीचे चालक, इतकी माणसे त्या वेळी जागी असतात. माझी नोंद वर दिलीच आहे. त्या पहाटे आणखी कोणी पाहिले असेल, तर त्यांचेही पत्र छापावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका, जि. नाशिक