लायब्ररीतल्या त्या बाईंचे आभार

आम्ही न्यू जर्सीला आलो तेव्हा लेक चौदाची, वर्गात तिच्या नावातल्या ‘ज्ञ’वरून इतकं चिडवायचे की बोलणंच कमी झालं तिचं, डबाही तसाच परत यायचा. लायब्ररीत काउंटरवरच्या बाईंनी आधी तिचं नाव नीट जमेपर्यंत तीन-चारदा म्हणून बघितलं, मग ‘बॉर्न कन्फ्युज्ड’ सुचवलं, २००२ चं पुस्तक, न्यू जर्सीतल्याच डिंपल लाला या फोटो काढणाऱ्या देसी मुलीच्या गोष्टीचं. तिथे नव्हतं तर दुसऱ्या ब्रँचला फोन करून मागवलं, आणि आलं तेव्हा वरच्या चिठ्ठीवर लेकीचं नाव, उच्चार बरोब्बर कळेल असं तोडून पेनाने लिहिलेलं! ती चिठ्ठी अजून तिच्या टेबलावर चिकटवलेली आहे. बाई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं हो, मनापासून थँक्यू.