उरलेल्या रेशमी तुकड्याचा टॉप : काकूंना आभाराचे खुले पत्र

आदरणीय काकूंस,

सा. न. वि. वि.

छापील रेशमाच्या त्या तुकड्याचा टॉप शिवून झाला आणि अंगाला नीट बसला, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले लिहिण्याचे कारण एवढेच की आपण जे सांगितलेत ते माझ्यापुरते राहू नये. चांगल्या कापडाचे उरलेले तुकडे कपाटात जपून ठेवणारे, पण त्यांना कात्री लावायला न धजावणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत.

पहिले आभार मानायचे ते आपण टॉप स्वतः शिवून दिला नाहीत याबद्दल. ‘ठेव इथे, मी बेतून देते’ असे म्हणून हे काम आपण चुटकीसरशी उरकू शकला असता. त्याऐवजी आपण माझ्यासमोर बसलात, कात्री माझ्याच हाती ठेवलीत आणि ती कापडाला लागण्याआधी इतके प्रश्न विचारलेत की निम्मे काम त्या प्रश्नांनीच झाले.

त्यातला पहिलाच प्रश्न, हे खरोखर रेशीम आहे का, हा होता. तुकड्यावर कसलीच चिठ्ठी नव्हती. आपण कडेचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढायला लावून ते बशीवर जाळून पाहायला सांगितलेत. दोन्हीकडचे धागे सावकाश जळले, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली. पॉलिएस्टर असते तर वितळून त्याचा कडक मणी झाला असता. दोन्ही धागे वेगळे जाळायचे ते ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्याच कशाचा असू शकतो म्हणून, हे आपण सांगितल्यावरच माझ्या लक्षात आले. मग कापड हातावर टाकून, त्याचे वजन अजमावून, हे साधारण १६ मोमेचे क्रेप असावे असे आपण म्हणालात. मोमे हे रेशमाच्या वजनाचे माप असून १ मोमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम, म्हणजे आपला तुकडा चौरस मीटरला सत्तरेक ग्रॅमचा निघतो. टॉपला हे वजन उत्तम, कारण याहून बरेच हलके, ८ मोमेच्या आसपासचे रेशीम अस्तराला चांगले असले तरी एकेरी घातले की पारदर्शक दिसते.

कापड बेतण्याआधी धुऊन घेण्याचा आग्रहही आपलाच. एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून छपाईचा रंग उतरत नाही याची खात्री केल्यावर मी ते थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुतले आणि ओल्या रेशमाची ताकद कमी होते म्हणून न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले. कापड काय आटायचे ते शिवण्याआधीच आटले, हा एक फायदा; शिवाय रेशमावर पाण्याचा थेंब पडला की जो डाग उमटतो, त्याची धास्ती सगळेच कापड एकदा भिजून निघाल्यामुळे पुष्कळ कमी झाली.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मी मनात एक नमुना धरून आले होते आणि तो त्या कापडात बसवण्याच्या खटपटीत होते. आपण तो नमुना बाजूला ठेवायला लावून आधी तुकडा मोजायला सांगितलात. रुंदी ११४ सेंटिमीटर, लांबी ८०. दोन्ही काठ जरा घट्ट विणलेले आणि बारीक छिद्रांचे असतात म्हणून एकेक सेंटिमीटर वगळले तेव्हा रुंदी ११२ राहिली. तिचे ५६ सेंटिमीटरचे दोन भाग शेजारी शेजारी घेतले तर एक पुढचा आणि एक मागचा; प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर माया, म्हणजे शिलाईसाठी जादा कड, सोडली की तयार घेर १०६ येतो, आणि छातीचे माप ९२ असल्यावर १४ सेंटिमीटरचा सैलपणा मिळतो. न ताणल्या जाणाऱ्या कापडाला तो हवाच. पाठ ५६ रुंद ठेवल्याने खांदा आपोआप दंडावर उतरतो, त्यामुळे मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापावाच लागत नाही, वेगळी बाही लागत नाही, टक्सही (आकारासाठी घालायच्या चिमट्याही) नकोत. बाजूच्या शिलाईत वरून एकवीस सेंटिमीटर जागा उघडी ठेवली की झाली बाही. गोलाई कापायची ती फक्त गळ्याला. गळ्याचा घेर ६२ ठेवला तर डोके सहज जाते, म्हणून चेनही नको आणि बटणही नको. उंचीला ६६ सेंटिमीटर लागले आणि खाली १४ सेंटिमीटरची आडवी पट्टी उरली, जिच्यातून गळ्याच्या उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, पट्ट्या निघाल्या. एवढ्या अरुंद पट्टीतून तिरकी पट्टी जेमतेम वीस सेंटिमीटरची निघते, तेव्हा चार तुकडे जोडावे लागले. पण फुलांच्या छपाईत ते जोड शोधूनही सापडत नाहीत. उरेब कापड ताण घेते आणि वळते म्हणूनच ते गळ्याला लावतात. १९२० च्या दशकात पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी याच गुणावर आख्खे पोशाख उभे केले. आपला गळा या अरुंद पट्टीपुरता का होईना, त्याच विद्येचा आहे!

छपाईबद्दल आपले बारीक लक्ष मला फार आवडले. आपण कडेपासून एक आडवा धागा ओढून काढलात, कापडात त्याची बारीक रेघ उमटली आणि तेव्हा दिसले की फुलांच्या ओळी त्या रेघेला किंचित तिरक्या जात आहेत, कारण छपाईच्या वेळी कापड सरळ ताणलेले नव्हते. अशा वेळी छपाई धरावी की धागा, यावर आपले उत्तर ठाम होते : धागा. कापड अंगावर लोंबते ते धाग्याच्या दिशेने, आणि धागा सोडून बेतलेला टॉप धुतल्यावर एका बाजूला पिळतो. चौकड्यांची किंवा आडव्या पट्ट्यांची छपाई असती तर हा निर्णय मला जड गेला असता, हे मात्र मी कबूल करते. विखुरलेल्या फुलांत तो तिरकेपणा कुणाच्या नजरेस येत नाही. बाकी एवढ्याशा तुकड्यात बाजूच्या शिलाईवर नक्षी जुळवणे अशक्यच होते, तेव्हा एखादे मोठे फूल नेमके छातीवर येऊ नये एवढेच पाहायचे, असे आपण सुचवलेत आणि कागदाचा नमुना दोन सेंटिमीटर सरकवल्यावर तेही जमले.

बेतताना कापड दुहेरी दुमडू दिले नाहीत, कारण खालचा थर सरकला तर वरून कळत नाही. टेबलावर पातळ कागद पसरून त्यावर एकेरी कापड ठेवले, टाचण्या फक्त मायेच्या जागेत लावल्या, कारण रेशमात टाचणीचे भोक राहून जाते, आणि कागदासकट कापले. कापड जागचे हलले नाही. गळ्याची कड कापल्याबरोबर ताणली जाऊ नये म्हणून तिथे आधी एक टीप घालून ठेवली.

यंत्रावरच्या कामाचे थोडक्यात सांगते. नवी, ६५ नंबरची बारीक सुई, बारीक दोरा, दोन मिलिमीटरचा टाका, सुरुवातीला दोऱ्याची दोन्ही टोके हातात धरून ठेवायची आणि तरीही कापड खाली ओढले जाऊ लागले तर खाली पातळ कागद घेऊन त्यासकट शिवायचे. कागद नंतर अलगद फाडून काढता येतो. बाजूंना आणि खांद्यांना फ्रेंच शिलाई घातली : उलट बाजूला उलट बाजू लावून पहिली टीप, माया तीन मिलिमीटरवर कापून टाकायची, इस्त्री करायची, मग कापड पालटून सुलट बाजूला सुलट बाजू लावून दुसरी टीप, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. हे रेशीम कापल्याबरोबर इतके उसवते की याखेरीज दुसरी शिलाई मला आता पटणार नाही. बाहीची कड मात्र खांदे जोडून झाल्यावर, बाजू शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच दुमडून घ्यायची हा क्रम आपण सांगितला नसता तर मला सुचला नसता. जिथे बाही संपते आणि बाजूची शिलाई सुरू होते तिथे ताण पडतो, म्हणून आतून हाताने दोन-तीन टाके घालून ती जागा पक्की केली आहे.

आपला एक सल्ला मी मानला नाही, तोही सांगून टाकते. टॉपची खालची कड यंत्रावर बारीक दुमडावी असे आपले म्हणणे होते; मी ती हाताने, धाग्या-दोन धाग्यांचा टाका उचलत तुरपली. वेळ भरपूर गेला, पण सुलट बाजूला टीप दिसत नाही आणि रेशीम खाली ताठ न राहता मोकळे पडते. आपण पाहून सांगावे. यंत्राची टीप जास्त टिकेल हे आपले म्हणणे मला मान्यच आहे.

कपाटात आणखी एक तुकडा आहे, रुंदीला ९० सेंटिमीटरच. त्यात दोन भाग शेजारी बसत नाहीत, म्हणून एकावर एक घेऊन बेत कागदावर काढला आहे. फुले एकाच दिशेने वर पाहणारी असल्यामुळे मागचा भाग उलटा ठेवून कापड वाचवता येणार नाही, आणि लांबी सहा सेंटिमीटर कमी पडते आहे. खांद्यावर साध्या कापडाचा जोड द्यावा की उंचीच कमी करावी, हे सवडीने कळवावे, ही विनंती. तोवर कात्री लावत नाही.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी