काँक्रीट ओतण्याआधी गंगोत्री बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओढे-नाल्यांच्या सौंदर्यीकरणाच्या बातम्या सारख्या येतात म्हणून हे लिहितोय. आमच्या भागातल्या ओढ्याला दोन्हीकडून काँक्रीटच्या भिंती घातल्या, वर पेव्हर ब्लॉक, बाकडी, लाइटचे खांब, आणि काठावरची गंगोत्री नावाची रानफुलांची वनस्पती साफ गेली.

नाव माहीत नसेल पण पाहिली बऱ्याच जणांनी असणार. थंडीत मुळशी, वेल्ह्याकडे गेलात की भातकापणी झालेल्या ओल्या खाचरात नाहीतर ओढ्याच्या ओलसर वाळूत जांभळट-गुलाबी पट्टे दिसतात ना, तीच ही. सूर्यफुलाच्या कुळातली, पण तशा मोठ्या पाकळ्या हिला नसतात, अगदी बारीक फुलांचे अर्ध्या सेंटिमीटरचे गेंद आणि त्यांचे झुबके. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, आणि एखादं चुरगाळलं की जो मस्त वास सुटतो तो हाताला बराच वेळ राहतो. शास्त्रीय नाव सायाथोक्लाइन पर्पुरिया. सायाथोक्लाइन ही प्रजातीच (म्हणजे जवळच्या जातींचा गट, genus) मुळात मोजक्या जातींची आहे आणि त्यातली पिवळ्या फुलांची सायाथोक्लाइन ल्युटिया ही जात तर आपल्या सह्याद्रीची, म्हणजे इथून गेली तर आणायची कुठून?

हिच्या बियांना दूर उडवणारे केसांचे झुपके नसतात. एका वर्षाचं झाड, उन्हाळ्यात वाळून जातं, बी ओल्या मातीत पडून राहतं आणि पाऊस सरल्यावर तिथेच उगवतं. ती मातीच काढून टाकली किंवा सिमेंटखाली गेली तर पुढच्या थंडीत काय येणार.

दुसरं म्हणजे पानांवरून लोक हिला काँग्रेस गवत समजून उपटतात. ते परदेशी, आपल्याकडे 1950 च्या दशकात पुण्यातच त्याची नोंद झाली, फुलं पांढरी. ते जरूर काढा, पण गंगोत्रीला हात लावू नका प्लीज.

भिंत बांधायचीच असेल तर ती मागे घ्या, पाण्यालगतचा पट्टा मातीचा राहू द्या, आणि गवत काढायचं कंत्राट देताना मार्च उलटू द्या म्हणजे बी पडलेलं असेल, याला जादा खर्च काहीच नाही. आणि तुम्हाला एक विनंती, जानेवारीत गंगोत्री आणि काँग्रेस गवत दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापा, शक्यतो रंगीत पानावर.

आपला,
एक वाचक, पुणे