आज रात्री साडेनवाक, दक्षिणेकडे

मोरजी (गोवा), १६ मे

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू तिकडे पुण्यात गच्चीत आणि मी इथे तेंबवाड्याच्या वाळूवर, आणि आपण वीस मिनिटं एकाच ताऱ्याबद्दल बोलतोय असं धरून चाललो होतो. तू म्हणत होतास समोरच्या सोसायटीच्या टाकीच्या वर, मी म्हणत होतो माडाच्या शेंड्याच्या उजवीकडे, आणि शेवटी कळलं की तुझी नारिंगी म्हणजे स्वाती आणि मी बघत होतो ती निळसर पांढरी चित्रा! मला ते फार लागलं रे. शाळेत असताना आमच्या खळ्यात चटईवर पडून आपण नुसतं बोट दाखवायचो आणि दुसऱ्याला बरोब्बर कळायचं, आता तुझी टाकी माझ्याकडे नाही आणि माझा माड तुझ्याकडे नाही. म्हणून बसून लिहितोय, नीट वाच.

दोनच आकडे लागतात. तारा क्षितिजापासून किती वर आहे तो उन्नतांश, म्हणजे क्षितिजावर ० आणि बरोब्बर डोक्यावर, शिरोबिंदूला, ९०. आणि कुठल्या दिशेला आहे तो दिगंश, उत्तरेला ० धरून पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. मोजायला काही विकत घ्यायचं नाही, हात सरळ लांब केला की मूठ साधारण १० अंश झाकते आणि करंगळी १ अंश. काल मी ध्रुव मोजला, दीड मूठ भरला. भरणारच, कारण मोरजीचा अक्षांश साडेपंधराच्या थोडा वर आहे आणि ध्रुवाचा उन्नतांश म्हणजे जवळजवळ आपल्या गावाचा अक्षांशच. तुझ्याकडे तो साडेअठरा भरेल, इमारतींच्या मधून दिसला तर.

पण हे दोन आकडे गावागणिक बदलतात, तासातासाला बदलतात. म्हणून ताऱ्याचा कायमचा पत्ता वेगळा ठेवलाय. पृथ्वीचं विषुववृत्त तसंच ताणून आकाशावर काढलं असं समज, त्याच्यापासून तारा उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ती त्याची क्रांती. आणि त्या वृत्तावर वसंतसंपातापासून, म्हणजे २१ मार्चच्या आसपास सूर्य जिथे असतो तिथून, पूर्वेकडे मोजत गेलं की विषुवांश. तो तासांत मोजतात, आकाशाची एक फेरी २४ तासांची म्हणून, १ तास म्हणजे १५ अंश.

आता गंमत बघ. ताऱ्याची क्रांती आणि गावाचा अक्षांश जुळला की तो तारा बरोब्बर डोक्यावरून जातो. स्वातीची क्रांती उत्तर १९ आणि तुझं पुणं साडेअठरावर, म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमारास स्वाती तुझ्या अगदी डोक्यावरून जाते, फरक फार तर चंद्राच्या रुंदीएवढा! माझ्याकडे ती शिरोबिंदूच्या साडेतीन अंश उत्तरेला सरकलेली असते. आणि मोरजी आणि पुणं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत हे मी नकाशात बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की आईला उठवून सांगितलं. कारण उत्तर-दक्षिण डोक्यावरून जाणारी जी रेघ, मध्यमंडल, ती आपल्या दोघांची एकच झाली ना! कुठलाही तारा ती रेघ माझ्याकडे ओलांडतो त्याच मिनिटाला तुझ्याकडेही ओलांडतो.

काल हेच करून बघितलं. नदीच्या मुखाकडे तोंड करून उभा राहिलो, पलीकडे चापोऱ्याचा किल्ला, आणि तो इथून सरळ दक्षिणेलाच पडतो. कासवं अंडी घालतात तो पट्टा म्हणून तिथे दिवे कमी, भरती लागलेली, पायाखालची वाळू ओढली जात होती. साडेनऊला त्रिशंकू, चार ताऱ्यांचा तो क्रूस, किल्ल्याच्या वर ताठ उभा राहिला. खालचा तारा एक मूठ आणि वर जेमतेम करंगळी, वरचा पावणेदोन मुठी. डावीकडे, मागून येणारे दोन ठळक तारे म्हणजे मित्रक आणि मित्र. मित्र सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडासाच लांब, सूर्य सोडला तर उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्यांत आपला सगळ्यात जवळचा शेजारी.

तुझ्याकडे हे सगळं ३ अंश खाली असेल, म्हणजे त्रिशंकूचा खालचा तारा आठ-साडेआठ अंशांवर. धुरकट असेल तर तो जाईल, पण वरचा मिळायला हवा. सोसायटीच्या दक्षिणेला तो मोकळा प्लॉट आहे म्हणाला होतास ना, तिथे जा, गच्ची नको. आणि उशीर करू नको, तारे रोज ४ मिनिटं लवकर येतात, आणि इथे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की आकाश बंद मरे, थेट दसऱ्यापर्यंत.

आज साडेनवाक फोन करतो. टाकी सांगू नकोस, मुठी सांग.

तुझा,
गुरू