पंचांची नावं कळतात, मग गुण का नाहीत?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्ले-ऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद मालिकांत) कोणता रेफरी कुठे उभा करायचा हे लीग आपल्या सोयीनं ठरवते आणि हव्या त्या संघाला पुढे काढते, अशा सुराचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर वाचलं. माझ्याकडे संध्याकाळी सरावाला येणारी मुलंही हेच म्हणतात. पहाटे उठून मोबाइलवर सामना बघतात आणि आपला आवडता संघ हरला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'फिक्स'. मी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून उभी हयात काढली, जिल्हा पातळीवर शिट्टी फुंकली, टेबलावर बसून स्कोअरशीट भरल्या. त्यामुळे या आरोपावर गप्प बसवत नाही. त्या वाचकांचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या जागी निघतोय असं मला वाटतं.

आधी निवड कशी होते ते सांगतो. एनबीएकडे सत्तरहून जास्त पूर्णवेळ रेफरी आहेत. प्रत्येक संघाचे 82 साखळी सामने संपले की त्यांच्यातून साधारण 36 जण पहिल्या फेरीसाठी घेतले जातात. म्हणजे निम्मे लोक तिथेच घरी जातात. पुढच्या प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मूल्यमापन, पुन्हा गाळणी, आणि अंतिम मालिकेला उरतात फक्त 12. एका सामन्याला तीन रेफरी आणि मालिका सात सामन्यांपर्यंत लांबली तरी जागा एकूण 21. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल मालिकेत अख्ख्या हंगामाच्या मेहनतीनंतर एखाद्याच्या वाट्याला एखाद-दुसराच सामना येतो. पहिल्या फेरीची निवड तीन गोष्टींवर होते: लीगच्या रेफरी विभागानं दिलेली श्रेणी, निर्णय किती अचूक होते ते, आणि संघांनी केलेली क्रमवारी. त्यानंतरच्या फेऱ्यांना प्ले-ऑफमधलीच कामगिरी बघतात. जुना, नावाजलेला म्हणून कोणी आपोआप पुढे जात नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण जोई क्रॉफर्ड यांचं. 1986पासून दरवर्षी अंतिम मालिकेत त्यांची शिट्टी वाजत होती. एप्रिल 2007मध्ये बाकावर बसून हसणाऱ्या टिम डंकन या नामवंत खेळाडूला त्यांनी सामन्यातून बाहेर काढलं. तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी त्यांना निलंबित केलं आणि त्या वर्षीचे प्ले-ऑफ त्यांच्या हातून गेले. वीस वर्षांची सलग परंपरा एका सामन्यानं तुटली. इतकी धमक आपल्याकडच्या किती स्पर्धांमध्ये दिसते?

हे मी उगाच विचारत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, स्पर्धा कोणती ते लिहीत नाही. मुलींचा आंतरशालेय अंतिम सामना. सिमेंटचं कोर्ट, दुपारी चारचं ऊन, चुन्यानं नव्यानं आखलेल्या रेषा. सकाळी उपांत्य सामन्यात ज्या पंचांनी अतिशय सुरेख काम केलं होतं, एकाही मुलीला कुरकुर करायला जागा ठेवली नव्हती, ते दुपारी मांडवात खुर्चीवर बसलेले. कोर्टवर उभे होते ते दुसरेच गृहस्थ, आयोजकांच्या गाडीतून उतरलेले. माझी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी मुलगी, दुसऱ्या अर्ध्यात चौथ्या फाउलवर होती. समोरच्या मुलीनं रिंगकडे मुसंडी मारली, आमचीनं हात सरळ वर धरले, पाय जागेवर. अंगाला अंग लागलंच नाही. मी टेबलाच्या मागे दहा फुटांवर होतो. शिट्टी वाजली, पाचवा फाउल, बाहेर. ती आली, जर्सीला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "सर, यांना कोणी ठरवलं?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोजकांना विचारलं तर तेही नीट बोलले नाहीत.

निर्णय चुकतो, ते खेळात चालायचंच. निवड कशी झाली हे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही तेव्हा मात्र मन खट्टू होतं. एनबीएनं या प्रश्नाला उत्तर देण्याची बरीचशी सोय केली आहे, आणि ती ठेच खाऊन केली आहे. 2007मध्ये टिम डोनॅघी या रेफरीनं सट्ट्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी त्याला 15 महिन्यांची शिक्षा झाली. कोणत्या सामन्याला कोण रेफरी आहे ही तेव्हा गुप्त असलेली माहितीही तो सट्टेबाजांना पुरवत होता. लॉरेन्स पेडोविट्झ या माजी सरकारी वकिलांनी चौकशी करून ऑक्टोबर 2008मध्ये अहवाल दिला. आता सामन्याच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सकाळी नऊ वाजता रेफरींची नावं सगळ्या जगासाठी जाहीर होतात. जी माहिती चोरून विकली जायची ती उघड्यावर ठेवली आणि तिची किंमतच संपली. हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो.

याच डोनॅघीनं 2002च्या लॉस एंजेलिस लेकर्स-सॅक्रामेंटो किंग्ज मालिकेतल्या सहाव्या सामन्याबद्दल, रेफरींनी लेकर्सना मुद्दाम झुकतं माप दिलं असे आरोप केले होते. लेकर्सना त्या सामन्याच्या एकट्या चौथ्या सत्रात 27 फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या, कोणी न अडवता करायच्या फेकी) मिळाले होते. लीगनं आरोप फेटाळले आणि डोनॅघीखेरीज दुसरा कोणी रेफरी सट्ट्यात सापडला नाही. तरी सॅक्रामेंटोतल्या माणसाला आजही विचारून बघा, तो अजून त्या संध्याकाळीच अडकलेला आहे. कारण त्या रेफरींना त्या सामन्याबद्दल काय गुण मिळाले, पुढे त्यांचं काय झालं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

27 एप्रिल 2025चा डेट्रॉइटमधला सामना आठवा. डेट्रॉइट पिस्टन्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स, पहिली फेरी, चौथा सामना. निक्स 94, पिस्टन्स 93. शेवटच्या क्षणी कोपऱ्यात टिम हार्डवे ज्युनियरच्या हातात चेंडू आला. त्यानं फेकल्यासारखं दाखवलं, निक्सचा जॉश हार्ट हवेत उडाला आणि त्याच्या अंगावर येऊन आदळला. हार्डवेनं चेंडू फेकला, तो गेला नाही. शिट्टी वाजली नाही. सामना संपला. फाउल दिला असता तर तीन फ्री थ्रो होते आणि पिस्टन्स एकाच गुणानं मागे होते. सामन्यानंतर मुख्य रेफरी डेव्हिड गथ्री यांनी पत्रकारांच्या प्रतिनिधीला स्पष्ट सांगितलं की पुन्हा पाहिल्यावर तो धक्का किरकोळ नव्हता, फाउल द्यायला हवा होता. चूक अशी तासाभरात कबूल करायला मोठं काळीज लागतं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सामना अटीतटीचा असेल तर शेवटच्या दोन मिनिटांतल्या निर्णयांचा अहवालही लीग दुसऱ्या दिवशी छापते. कोणती शिट्टी बरोबर होती, कोणती चूक, कुठे वाजायला हवी होती आणि वाजली नाही, सगळं त्यात असतं. 2015च्या मार्चपासून हे चालू आहे.

एवढं सगळं उघड करणारी लीग एक गोष्ट मात्र मुठीत धरून बसते. अशा चुकीचे किती गुण कापले जातात? एका मोठ्या चुकीपुढे बाकीचे शेकडो बरोबर निर्णय कसे मोजतात? दुसऱ्या फेरीत गेलेल्या शेवटच्या रेफरीत आणि घरी गेलेल्या पहिल्या रेफरीत अंतर किती होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण पंचाच्या बाबतीत ती मूठ झाकली की लोक आत काय काय आहे ते स्वतःच कल्पून घेतात. मुलं 'फिक्स' म्हणतात ती यामुळेच.

मला कळतं की गुण सामन्या-सामन्याला छापले तर रेफरीला रस्त्यानं चालणं मुश्किल होईल. सट्टा आता अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत कायदेशीर आहे, हरलेले लोक समाजमाध्यमांवर रेफरींना काय काय लिहितात ते आपण बघतोच. म्हणून माझी मागणी माफक आहे. अंतिम मालिका जूनमध्ये संपते. त्यानंतर जुलैमध्ये 36 जणांची फेरीनिहाय श्रेणी प्रसिद्ध करा. तोवर कोणाचा सामना बिघडणार नाही आणि पुढच्या वर्षी नावं वाचताना लोकांच्या हातात काहीतरी असेल.

आणि संघांची क्रमवारी हा निकष काढून टाका. ज्यांच्या विरुद्ध शिट्टी वाजते तेच शिट्टी वाजवणाऱ्याला क्रमांक देतात, हे मला कधीच पटलेलं नाही. मे 2024मध्ये निक्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात इंडियाना पेसर्सच्या ॲरन नेस्मिथच्या हाताला लागलेला चेंडू पायाला लागला, म्हणजे नियमभंग झाला, असं समजून रेफरींनी खेळ थांबवला. एक मिनिटही उरलं नव्हतं आणि गुण बरोबरीत होते. ती चूक होती असं मुख्य रेफरी झॅक झार्बा यांनी नंतर मान्य केलं. पेसर्सनी पहिल्या दोन सामन्यांतले 78 निर्णय आक्षेपार्ह म्हणून लीगकडे पाठवले आणि प्रशिक्षक रिक कार्लाइल जाहीर बोलले म्हणून त्यांना 35 हजार डॉलर दंड झाला. म्हणजे उघड बोललं तर दंड, आणि बंद पाकिटात क्रमांक दिला तर तो निवडीत धरणार. प्रशिक्षकाला बोलू द्या, त्याचं मत सगळ्यांना ऐकू येऊ दे. पण गुणपत्रिका त्याच्या हातात नको.

एक गोष्ट मुलींच्या संघाला शिकवलेला माणूस म्हणून लिहितो. व्हायोलेट पामर 1997मध्ये एनबीएत रेफरी झाल्या, त्यांना प्ले-ऑफचा पहिला सामना मिळाला 2006मध्ये. 2012नंतर प्ले-ऑफच्या कोर्टवर बाई दिसली ती थेट एप्रिल 2024मध्ये, ॲशली मॉयर-ग्लाइश. मधली बारा वर्षं एकही बाई त्या 36 जणांच्या तोडीची नव्हती का? असेलही तसं, पण श्रेणी छापल्या असत्या तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

आता आपल्याला एक विनंती. ऑक्टोबर 2019मध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज खेळले तेव्हा आपल्या मुलांनी एनबीए डोळ्यांनी पाहिली. सुयश मेहता हा भारतीय वंशाचा रेफरी आज त्या लीगमध्ये शिट्टी वाजवतो, हे सांगितलं तेव्हा माझ्याकडच्या दोन मुलांनी दुसऱ्या दिवशी नियमांचं पुस्तक मागितलं. बघणारे वाढलेत. एप्रिल-मे महिन्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. सामना बहुतेक वेळा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे असतो आणि आपलं पान रात्री छापायला जातं. 'आजचे सामने' या चौकटीत संघांच्या नावांखाली बारीक टायपात तीन रेफरींची नावं देता येतील, वेळ पुरेसा आहे. शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल आला की त्यातल्या चुकांची एक ओळ त्याच्या पुढच्या दिवशी द्या. येत्या एप्रिलपासून हे सुरू झालं तर ते कात्रण मी रोज आमच्या कोर्टच्या फळ्यावर लावेन.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर