नऊ माणसांचा साहेब

अमळनेर

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद.

बढतीचं कळल्यापासून पप्पा गल्लीत पेढे वाटत सुटलेत. नानांनी दोनदा विचारलं, "हाताखाली माणसं किती?" नऊ म्हटल्यावर मिशीतल्या मिशीत हसले. मलाही अभिमान आहेच रे. पण काल तू पार्टीचा व्हिडिओ दाखवलास, त्यात ती नवी मुलगी "नको सर, नको सर" म्हणत नाचतेय, ते काही डोक्यातून जात नाही. ग्रुपवर टाकला असशील तर आजच काढ. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दोन-अडीच दिवसच असते. नंतर फक्त तुझ्या मोबाइलमधून जातो.

लेक्चर द्यायचं नव्हतं. पण शाळेत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बसते, म्हणून राहवत नाही. "मी तर मस्करी केली" हे तिथलं नेहमीचं वाक्य, आणि बोलणाऱ्याला ते खरंही वाटत असतं. त्यासाठीच्या 2013 च्या कायद्यात बघतात ते असं, की समोरच्या बाईला ते नकोसं होतं का. तिला तक्रारीला 3 महिने मिळतात, अडचण होती असं पटलं तर समिती आणखी 3 देते. तिला नाचवलंत ते त्यात बसेल असं मी म्हणत नाही. घाबरू नको. पण ती "नको" म्हणत होती ना?

आपल्याकडे भरीत-पुरीच्या पंगतीत माणूस ताटावर आडवा हात धरतो आणि लतामावशी त्याच्या बोटांच्या फटीतून पुरी सरकवते. पंगतीत खपतं. तुझ्या हातात त्यांची रजा आणि पगारवाढ आहे, तिथे तुझ्या आग्रहाला नाही कोण म्हणणार?

म्हणून विचारताना नकाराची वाट आधीच मोकळी ठेव. "शनिवारी याल का? नाही जमलं तर मी दुसऱ्याला विचारतो, संध्याकाळपर्यंत सांगा." चारचौघांत विचारू नको, एकट्यालाही दाराशी अडवून नको, मेसेज कर. "बघते सर", "घरी विचारून सांगते" आणि पुढे शांतता, म्हणजे नाही समज. पुन्हा विचारू नको, कारणही काढू नको. मागच्या शनिवारी आली होती म्हणून या शनिवारी गृहीत धरू नको. आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात वाईट शिफ्ट लावलीस, तर बाकीचे आठ जण तेवढ्यावरून काय ते समजतात. फोटो काढायला हो म्हटलं म्हणजे ग्रुपवर टाकायला हो, असंही नाही. खांद्यावर हात टाकायची तुझी सवय पप्पांची आहे, ती ऑफिसात नको.

चार वर्षांचा होतास तेव्हा शिरपूरला कुणी गाल ओढले की पलंगाखाली जाऊन बसायचास. बाहेर काढायला गेलं की लाथा झाडायचास. जेवायलाही यायचा नाहीस, ताट तिथेच सरकवावं लागायचं. तुला नको म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.

बघ, पुन्हा तिथेच आले. रागावू नको. व्हिडिओ ग्रुपवरून काढलास की तिला एकटीला एवढंच लिही, "न विचारता टाकला, काढलाय, चुकलं." लांब माफीनामा नको, नाहीतर तुझी समजूत तिलाच घालावी लागेल.

आणि तू स्वतः? रात्री अकराला तुझ्या साहेबाचा फोन आला की ताटावरून उठतोस, प्रियंका सांगत होती. नाही म्हणताना कारणं देत बसू नको. गाडी नाही म्हटलंस तर ते गाडी पाठवतील. "नऊनंतर फोन घेत नाही, सकाळी साडेनऊला करतो," एवढं बास. आधी मेसेजने कळव, म्हणजे लेखी राहील. खरोखर तातडीचं काय, ते दोघांनी आधीच ठरवून घ्या. पहिले दोन-तीन वेळा ते तरी फोन करतीलच, तेव्हा उचललास की सगळं मुसळ केरात.

बिबडे अन् कळण्याचं पीठ सुनीलमामाच्या हाती पाठवतेय. पिठाला किडे लवकर लागतात, डबा फ्रीजमध्ये ठेव.

तुझी,
आई